तीन नंबरचा फलाट

आमच्या बसस्थानकावर कुठली बस कुठल्या फलाटावरून किती वाजता सुटणार, हे प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचवण्याची व्यवस्था माझी आहे. स्थानकाच्या मनोऱ्यावरून यादी सतत प्रसारित होते. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मोबाइल त्यातलं हवं ते उचलतो. यादीची एक फेरी वीस सेकंदांची होती, ती मी पंधरावर आणली. या पाच सेकंदांवर मी दोन ठिकाणी व्याख्यान दिलं आहे. तिसरीकडून बोलावणं आलं तर असावीत म्हणून चित्रं तयार ठेवली आहेत.

त्या सकाळी आत्याला बसमध्ये बसवून द्यायला गेले. एकसष्टाव्या वर्षी तिची इतिहासातल्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, अकरा वाजता, शेजारच्या शहरात. दोनदा पुढे ढकललेली. आज चुकली तर नोंदणीच रद्द.

"कंट्रोलरला विचारू या का गं?"

"आत्या, माणसं चुकतात."

मोबाइल म्हणाला, फलाट तीन, आठ पंचवीस. मी तो पर्समध्ये टाकला. पुन्हा बघणं म्हणजे माझ्याच कामावर अविश्वास.

आठ पंचवीसला सात नंबरवरून एक बस हलली.

"ती आपलीच ना?"

"नाही. आपली तीनवरून आहे."

"अगं, पाटी वाचता येते मला."

"पाटी बदलायची राहिली असेल."

हे मी बोलले. नंतर मोबाइल काढला. तो शांतपणे सात म्हणत होता.

झालं होतं असं : बस आधी तीनवरून सव्वाआठला सुटणार होती. मग उशीर झाला आणि तिला सातवर हलवलं. मोबाइलनं फलाट जुन्या फेरीतून उचलला, वेळ नव्या फेरीतून. दोन्ही खरं, पण एकाच वेळी कधीच नाही. प्रत्येक नोंदीला फेरीचा क्रमांक असता, तर न जुळणारी जोडी त्यानं टाकून दिली असती. क्रमांक होता. पाच सेकंद वाचवायला मीच काढला.

आत्या तोवर कंट्रोलरच्या खिडकीशी पोहोचली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, आम्ही पडलो माणसं. मशीनला विचारा ना."

"विचारलं. म्हणून तर तुमच्याकडे आले."

त्यानं फाटकावर फोन लावला. "थांबव रे तिला. एक परीक्षेच्या बाई राहिल्यात."

आम्ही धावलो. आत्या पुढे होती.

दुपारी तिचा फोन आला. "पास झाले गं. विचारलं, दोन अस्सल कागद जुळत नसतील तर काय कराल? म्हटलं, आधी तारखा बघेन. आणि फलाटाचं उदाहरण दिलं. बराच वेळ हसत होते."

"माझं नाव घेतलंस?"

"छे. भाची म्हटलं फक्त."

तिला भाची एकच आहे. परीक्षकांच्या हातातल्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ती पहिल्याच ओळीत आहे, हुद्द्यासकट.