दोनवीसचं गणित

पोटच्या पोरीशी परक्यासारखा वागणारा बाप सरजाबाईनं साठ वर्षांत पाहिला नव्हता, आणि आता पाहिला तर तो नेमका तिच्याच पोटचा निघाला. आठ दिवस झाले होते. सातवीची वार्षिक परीक्षा संपली, गणिताच्या पेपरांचे गठ्ठे कापडात बांधून आनंदराजनं घरी आणले आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणंच टाकलं. बुद्धप्रियानं पाण्याचा तांब्या पुढे केला की घ्यायचा, पण मान वर करायची नाही. गठ्ठे ठेवलेल्या खोलीला कडी. जेवायला बसायचा तोही तिचं ताट उचलल्यावर. पोरीनं एकदा भीत भीत विचारलं, की पप्पा, माझा पेपर तपासून झाला का, तर म्हणाला, सगळ्यांना कळेल तेव्हा तुलाही कळेल.

सरजाबाईनं त्याला दारातच गाठलं. हे काय चालवलंय म्हणून विचारलं, तर चष्मा पुसत त्यानं सांगितलं, की पेपर तपासणारा माणूस तेवढे दिवस कुणाचा बाप नसतो.

"बरं," सरजाबाई म्हणाली, "मग तेवढे दिवस कुणाचा लेकबी नसशील. भाकर हाटेलात खात जा."

तो हसला नाही. एरवी हसला असता.

त्याची अडचण तिला कळत नव्हती असं नाही. लातुरातल्या ज्या शाळेत तो गणित शिकवत होता, त्याच शाळेत पोरगी सातवीला होती. पेपर त्यानंच काढलेला, तपासायचाही त्यानंच. भूकंपाला साडेपाच वर्षं झाली होती आणि लातूर आता पडझडीचं नाव काढत नव्हतं. खांबाखांबावर क्लासच्या पाट्या, पाट्यांवर बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. गावोगावचे लोक पोरांना घेऊन खोल्या करून राहिले होते. असल्या गावात एका मार्कावरून माणसं वर्षभर बोलत. मास्तरानं आपल्या पोरीला हात दिला, असं कुणी म्हणायच्या आत आनंदराजनं हातच आखडून घेतला होता.

आणि मार्कांवर अडलं होतंच तसं. गणितात ऐंशी पडले तर आठवीला अ तुकडी. त्या तुकडीला रोज सकाळी गणिताचा जादा तास असे, आणि तिथूनच पोरं पुढं जात, असा सगळ्यांचा समज होता. बुद्धप्रिया शाळेच्या सहलीला नांदेडला जाऊन आली होती. विष्णुपुरीचं धरण पाहिलं, तिथलं इंजिनिअरिंगचं कॉलेज पाहिलं, आणि तेव्हापासून तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर धरणाच्या दरवाजांची चित्रं निघायला लागली. अ तुकडी म्हणजे त्या दरवाजाची किल्ली, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पेपर देऊन आली त्या दिवशी पोरगी दप्तरसुद्धा न उतरवता आजीला येऊन चिकटली होती. "आजी, पेपरात आपली दोनवीस आली होती. मी तर न वाचताच सोडवलं."

दोनवीस म्हणजे सरजाबाईच्या सासऱ्याचं रेणापूरच्या शिवारातलं रान. दोन एकर वीस गुंठे, म्हणून सगळा गाव त्याला दोनवीसच म्हणे. सासऱ्यानं ते चार लेकांत सारखं वाटलं. सरजाबाईचा नवरा व्यंकटी तिसरा. त्याच्या वाट्याला आले पंचवीस गुंठे, आणि त्या पंचवीस गुंठ्यांवर आणि दुसऱ्याच्या बांधावर राबून सरजाबाईनं आनंदराजला मास्तर केला. घरी कुणी पाहुणा आला की चहा उकळायच्या आत त्याला हे कळे. व्यंकटी गेला, मग भूकंपात रेणापूरच्या घराच्या भिंती फाकल्या, तेव्हा लेकानं तिला लातुरात आणलं. ती आली, पण ताठ्यानं आली. घर हललं, बांध तसूभर हलला नाही, असं ती सांगे.

नवव्या दिवशी सकाळी आनंदराजनं आतून कडी काढली. सून दवाखान्यात नर्स होती, ती पाळीवर गेलेली. बुद्धप्रिया खाली मैत्रिणीकडे. सरजाबाई दोनवीसचीच तूरडाळ निवडत बसली होती. तो समोर येऊन पाटावर टेकला आणि म्हणाला, झालं सगळं. 

आकडा तिनंच काढून घेतला. अठ्ठ्याहत्तर.

दोन मार्कांनी पोरगी ब तुकडीत. आनंदराजच्या आवाजात दुःख होतं, पण त्या दुःखाला एक इस्त्रीसुद्धा केलेली होती. अर्धा मार्क सोडला नाही माय, म्हणाला. दुसऱ्या कुणाची असती तर कुठंतरी रीतीचा म्हणून एखादा दिलाही असता, तिला तोही दिला नाही. उद्या कुणी बोट दाखवणार नाही.

सरजाबाईनं खडा उचलून बाजूला टाकला. पोरगी कुठं कुठं चुकली ते सांग म्हणाली. तो सांगत गेला. उणे चिन्ह विसरली, त्याचे गेले. भूमितीत कारण लिहिलं नाही, त्याचे गेले. सरजाबाई मान हलवत राहिली. ती दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर तिला अडखळत येई, आकडा मात्र सरळ वाचता येई. उणे आणि भूमिती तुमचं तुम्ही जाणा, म्हणाली.

"आन् एक सोपं होतं, जमिनीचं," तो म्हणाला. "चार मार्कांचं. शंकरप्पानं दोन पॉइंट वीस एकर जमीन चार मुलांना सारखी वाटली, प्रत्येकाला किती गुंठे. तेवढंसुद्धा चुकली."

"काय लिवलं तिनं?"

"पंचवीस."

"मग?"

"बावीस पायजे माय."

डाळीतला हात थांबला. सरजाबाईनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि बोटांवर अंगठा फिरवला. बावीस चोक अठ्ठ्यांशी.

"दोन एकर वीस म्हंजी शंभर गुंठे. तू वाटलेस अठ्ठ्यांशी. वरचे बारा गुंठे कुणाच्या घशात घातलेस आनंदा?"

आनंदराजनं शिकवायच्या आवाजात सुरुवात केली. हे दशांश आहे. टिंबाच्या पुढचे वीस म्हणजे वीस गुंठे नव्हेत, एका एकराचे शंभर भाग केले तर त्यातले वीस. म्हणजे आठच गुंठे. दोन एकराचे ऐंशी, वर आठ, भागिले चार. त्यानं जमिनीवर बोटानं लिहूनही दाखवलं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग उठली, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली, आणि लुगड्यांच्या खालून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला. फाकलेल्या भिंतीच्या कोनाड्यातून भूकंपाच्या दिवशी तिनं आधी हा कागद ओढला होता आणि मग गाडगी-मडकी. वाटणीचा कागद. चार भावांचे अंगठे, आणि वर जुन्या तलाठ्याच्या वळणदार हातात एकच आकडा.

२.२०

"वाच," ती म्हणाली. "ह्यो तुझा शंकरप्पा. टिंबबी हाय, बग. अलीकडं एकर, पलीकडं गुंठे."

आनंदराजनं कागद हातात घेतला. त्यानं तो याआधी दहादा पाहिला असेल. पण पेपर काढताना, म्हणे, त्यानं आकडा नुसता मनानं टाकला होता. चार मुलंही मनानंच. सरजाबाईनं विचारलं, की बाबा, ते मनात कुठून आलं? लहानपणी तुला डोईवरच्या पाटीत बसवून मी बांधाबांधानं फिरवलं, मोजणीदाराच्या साखळीच्या मागं मागं. पंचवीसचा खुंटा कुठं रोवला ते तुला झोपेत विचारलं तरी सांगायचास. ते रान तू पेपरात मांडलंस आणि मांडताना त्यातले बारा गुंठे विसरलास. पोरीनं रान ओळखलं. तू नाही ओळखलंस.

 त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

मग त्यानं आत जाऊन सगळे गठ्ठे बाहेर आणले आणि चटईवर मांडी घालून दोन ढीग लावायला बसला. बावीस एकीकडे, पंचवीस एकीकडे. सरजाबाई सूप घेऊन समोर बसली, पण डाळीकडे तिचं लक्ष नव्हतं. बावीसचा ढीग चढत गेला. पंचवीसचाही चढायला लागला. एका पेपराशी आनंदराज थबकला, हा मुखेडचा, म्हणाला, मामाकडे राहतो. पुढचा औशाकडचा. पुढची पोरगी तर रेणापूरचीच. ज्यांच्या घरात कुणी ना कुणी बांधावर उभं राहिलेलं, ती सगळी पोरं त्या ढिगात. एकूण एकवीस.

"एकवीस पोरं एकाच जागी चुकली," सरजाबाई म्हणाली, "तर ती चूक पोरांची नसती रं."

ते त्याला पटलं होतं, तिच्या बोलण्याआधीच पटलं होतं. पण पटल्यावर तो अधिकच बेजार झाला. मार्क द्यावेत तर एकवीसांत पोरगी स्वतःची. अठ्ठ्याहत्तरचे ब्याऐंशी होणार, तिला अ तुकडी मिळणार, आणि उद्या स्टाफरूममध्ये काय बोलतील ते त्याला आताच ऐकू येत होतं. पोरीसाठी मास्तरानं गणितच फिरवलं, म्हणतील. न द्यावेत तर वीस जणांचं नुकसान केवळ आपल्या नावाला डाग नको म्हणून. तो पेपरांवर हात ठेवून बसून राहिला.

सरजाबाईला त्याची दया आली. ती तिनं दाखवली नाही. तो प्रश्न तू स्वतः पुन्हा तपासूच नको, म्हणाली. प्रमोदिनीबाईंकडे जा. मुख्याध्यापिका आहेत, वकिलाघरच्या आहेत, तुझ्या पोरीशी त्यांचं नातं ना गोतं. वाटणीचा कागद पुढं ठेव, चूक माझी म्हण आणि तेवढा एक प्रश्न त्यांच्या हातून तपासून घे.

"मीच काढलेला पेपर चुकला, असं मी तोंडानं सांगू?"

"मग कुणाच्या तोंडानं? माझं न्हेतोस का?"

तो गेला. गठ्ठे सायकलला बांधले, कागद शर्टाच्या आतल्या खिशात. बुद्धप्रिया तेवढ्यात वर आली. पप्पा या उन्हात कुठं गेले म्हणून विचारलं. शिकवणीला, आजीनं सांगितलं, आणि तिच्यापुढे डाळ सरकवली. दोघी निवडत बसल्या. पोरगी गुणगुणत होती. सरजाबाईनं मात्र तेवढ्या वेळात निवडलेली डाळ दोनदा निवडली, आणि एकदा तर खडा डाळीत आणि डाळ खड्यांत टाकली.

तीन वाजता सायकल वाजली. आनंदराज घामानं निथळत वर आला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यानं लेकीकडे सरळ पाहिलं. प्रमोदिनीबाई आधी कागद बघून हसल्या, म्हणाला, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी स्वतः लाल पेन घेतला आणि तेवढा एक प्रश्न सगळ्या पेपरांत पुन्हा तपासला. बावीसलाही मार्क, पंचवीसलाही मार्क. रजिस्टरात लिहून खाली सही केली, की प्रश्न दोन अर्थांचा होता. आणि पुढच्या खेपेला एकर वेगळे, गुंठे वेगळे लिहा असं बजावलं. एकवीसांतली सात पोरं ऐंशीच्या वर गेली. सातवी बुद्धप्रिया. निकाल लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, हेही त्यानं सांगितलं, पण तोवर पोरगी बापाच्या कमरेला मिठी मारून उभी होती आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग दोघं चटईवर बसले. बाकीचे अठरा मार्क कुठं घालवलेस ते बघू, म्हणत त्यानं कोऱ्या कागदावर ते उणे चिन्हाचं उदाहरण मांडलं, आणि ती पुन्हा तिथंच चुकली, आणि या वेळी तो हसला. वाटणीचा कागद त्यानं आईपुढे धरला. सरजाबाईनं तो घडीवर घडी जुळवून पिशवीत घातला, पेटीला कडी लावली, आणि वळून लेकाला तोंडावर सांगितलं:

"शाळा मी दुसरी शिकले, पर आज तुझा पेपर मी तपासलाय. दशांशात पैकीच्या पैकी. बांधावर नापास. आपल्या पायानं जाऊन चूक कबूल करून आलास, त्याचे ग्रेसचे धरून वर ढकलते तुला. पर पुढच्या साली पेपर काढशील, तवा छापायच्या आधी मला वाचून दाखवायचा. आन् आता ऊठ, हातपाय धू. पोरीसंगं एका वक्ताला जेवायला बस."