हातांचा वास

२०२३ सालच्या फेब्रुवारीत, फुलपाड्याच्या बालवाडीत, जितेंद्रने पिशवीतून लाकडी पट्टी काढली आणि कृतिकाच्या हातात दिली.

“ही कशाला, सर?”

“व्हिडिओला. ‘आधी’ आणि ‘नंतर’. आधी तू मुलांना मारायचीस, मग आमच्या मेंटरने तुला शिकवलं आणि तू बदललीस.”

“मी कधीच मारलं नाही.”

“मला माहितीय गं. पण अनुदान देणाऱ्यांना बदल दिसायला हवा ना! सुरुवातीचं शूटिंग करायचं राहूनच गेलं. आता उरकून टाकू.”

मागे सतरंजीवर बसलेल्या रुक्मिणीबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मेंटर म्हणजे त्याच. वसईच्या किनाऱ्याकडच्या आपल्या गावात त्यांनी उभा जन्म बालवाडी चालवली होती. निवृत्त होऊन वाडीतली फुलं वेचत बसल्या होत्या, तेव्हा जितेंद्रच्या संस्थेने त्यांना बोलावून घेतलं. दर मंगळवारी नव्या शिक्षिकेच्या वर्गात बसायचं, बघायचं, मुलं गेल्यावर दोघींनी बोलायचं. याच कामासाठी संस्थेला अनुदान होतं आणि कृतिकाचं मानधनही त्यातूनच निघे.

बाईंनी तिला फार काही शिकवलं नव्हतं. आवाज खाली ठेव, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला बस, एवढंच. आणि एक जुनी गोष्ट दिली होती. त्यांच्या काळी मुलं विहिरीवर हात धुऊन धावत यायची आणि बाईंच्या नाकापुढे धरायची. बाई डोळे मिटून वास घ्यायच्या. मग सांगायच्या, कुणाच्या हाताला जाई, कुणाच्या हाताला पिकला पेरू. हात न धुता खाऊला बसणारं मूल मग शोधून सापडत नसे. फुलपाड्यात विहीर नव्हती, निळं पिंप होतं. पण कृतिका वास घ्यायची तो अगदी तसाच, डोळे मिटून.

“जितेंद्र, हे खोटं आहे,” बाई म्हणाल्या. “आणि घाण आहे.”

“रुक्मिणीबाई, तुम्ही जुन्या वळणाच्या. हा व्हिडिओ गेला नाही तर पुढचं अनुदान नाही. वर्गाला कुलूप लागेल, ही घरी बसेल. चालेल तुम्हाला?”

बाईंनी कृतिकाकडे पाहिलं. तिचा नवरा दिवाळीपासून घरीच होता.

“असू दे बाई,” ती हळूच म्हणाली. “करते मी.”

जितेंद्रबरोबर शूटिंगला आलेल्या प्रितेशने कॅमेरा लावला. कृतिकाने पट्टी उचलली आणि जमेल तेवढा आवाज चढवला.

“हात पुढे करा!”

मुलं खिदळत उठली. सगळ्यांनी तळवे थेट तिच्या नाकाशी नेले. मीरा सर्वांत पुढे.

“बाई, मी अजून धुतले नाहीत. तरी मोगरा येतो का बघा!”

“सर, ही तर हसतायत,” प्रितेश म्हणाला.

“एकीला मार ना हलकेच. लागणार नाही इतपत.”

रुक्मिणीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मीराच्या पुढे येऊन त्यांनी आपला सुरकुतलेला तळवा पसरला.

“माझ्या हातावर मार. घ्या व्हिडिओत.”

“बाई, फ्रेमबाहेर व्हा बघू,” जितेंद्र हसला आणि त्याने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. “म्हातारीचा हात काय दाखवायचा? कृतिका, चल, आटप.”

पट्टी मीराच्या तळव्यावर पडली. आवाज अगदी लहान झाला. मीरा रडली नाही. तिने कृतिकाकडे पाहिलं, मग स्वतःचा तळवा नाकाशी नेला आणि हुंगून पाहिला.

“मस्त आलं, सर!” प्रितेश म्हणाला.

रुक्मिणीबाई दारात जाऊन थुंकल्या.

खिचडीचं पातेलं आलं. मुलांनी पिंपावर हात धुतले. प्रितेशने कॅमेरा खिडकीकडे वळवला, उजेड छान पडावा म्हणून. कृतिका गुडघ्यांवर बसली.

“या. हात बघू.”

कुणी आलं नाही. कुणाचे हात पाठीमागे, कुणाचे काखेत. मीराने आपले फ्रॉकच्या घेरात गुंडाळले होते. जितेंद्रने टाळ्या वाजवल्या, चॉकलेटं दाखवली. एकही मूल हललं नाही. कृतिका तशीच बसून राहिली, नाक थोडं पुढे केलेलं.

“जाऊ दे,” जितेंद्र घड्याळ बघत म्हणाला. “‘नंतर’चं तुळिंजच्या बालवाडीत घेऊ. मुलं काय, सगळी सारखीच दिसतात.”

अनुदान पुन्हा आलं. जितेंद्र आता गावोगाव भाषणं देतो आणि तो व्हिडिओ दाखवतो. लोक आधी हळहळतात, मग टाळ्या वाजवतात. प्रितेश लग्नांचं शूटिंग करतो. कृतिकाने त्याच महिन्यात बालवाडी सोडली. वालीवला बाटल्यांची झाकणं बनतात, तिथे ती पॅकिंगला बसते. रुक्मिणीबाईंनी संस्थेतून आपलं नाव काढायला सांगितलं. ते काढलं नाही, मेंटर म्हणून अजून झळकतं. मंगळवारी मात्र त्या सोनचाफा घेऊन आपल्या खर्चाने फुलपाड्याला जातात. नवी शिक्षिका त्यांना मागे बसू देते.

मीरा आता दुसरीत आहे. चुणचुणीत आहे म्हणतात. फक्त कुणी “हात दाखव” म्हटलं, की ती आधी विचारते, “कशाला?”