तुमचंच नाव

सिस्टर खाटेवरच्या आजोबांना कुशीवर वळवून खालची चादर ओढत होत्या, तेवढ्यात मावशी दारातून सांगून गेल्या, की बाहेर एक बाई थांबल्यात आणि त्यांना साथीच्या वेळच्या सिस्टरच हव्यात, दुसरं कुणी चालणार नाही. सिस्टरांनी चादरीचा कोपरा गादीखाली खोचला, आजोबांना सरळ केलं आणि हात धुवायला जरा जास्तच वेळ लावला. साथ ओसरून दोन वर्षं झाली होती. आभार मानणारे तेव्हाच येऊन गेले होते. इतक्या उशिरा येणारं माणूस काहीतरी विचारायला येतं, आणि ते आपल्याला सांगता येईलच असं नाही, या विचारातच त्या व्हरांड्यात आल्या.

बाई पन्नाशीच्या असाव्यात. व्हरांड्यातल्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी आईचं नाव सांगितलं आणि आढेवेढे न घेता मुद्द्यावर आल्या. आई गेली त्या दुपारी सिस्टरांनीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, की शेवटी आईने तुमचंच नाव घेतलं. अकरा वर्षं आईचं सगळं त्यांनीच केलेलं, न्हाऊ घालण्यापासून गोळ्या भरवण्यापर्यंत, आणि आईने एकदाही तोंड भरून बरं म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्यावर त्यांनी दोन वर्षं काढली. गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीशी कशावरून तरी वाजलं. ही बहीण लग्न करून लांब गेलेली, वर्षातून एकदा पाहुणीसारखी येणारी. ती म्हणाली, आईने जाताना माझं नाव घेतलं, सिस्टरांनीच मला सांगितलंय.

"तेव्हापासून बोलणं बंद आहे आमचं," बाई म्हणाल्या. "दोघींतली एक खोटं बोलतेय. मी तर नाही बोलत. मग तीच ना? तुम्ही एकदा सांगा, म्हणजे मी सुटले."



त्या दिवसांत डॉक्टर फोनवर बातमी देत आणि पुढच्या खाटेकडे धावत. मागे उरलेलं रडणं सिस्टरांच्या वाट्याला येई. सगळे एकच विचारत, शेवटी काही बोलले का? पहिल्यांदा त्यांनी खरं ते सांगितलं होतं, की घशात नळी होती, बोलणं शक्यच नव्हतं. फोनच्या पलीकडचा मुलगा जो काही ओरडला, तो आवाज पुढे कित्येक दिवस जेवतानाही त्यांच्या कानात होता. मग त्यांनी एक वाक्य तयार करून ठेवलं. तुमचंच नाव घेतलं. समोरच्याचं नाव ठाऊक नसलं तरी ते चालून जाई, आणि पडताळायला कोण येणार होतं? या बाईंच्या आईच्या केसपेपरवर नंबर दोन होते. पहिला कुणी उचलला नाही म्हणून त्यांनी दुसरा लावला. तासाभराने पहिल्या नंबरवरून उलट फोन आला. तोवर वॉर्डातले आणखी दोघं गेले होते, आणि कोण कुणाचं हे न बघता सिस्टरांनी थकल्या तोंडाने तेच वाक्य पुन्हा सांगून टाकलं.

आत्ताही 'तुमचंच' म्हणून मोकळं होता आलं असतं. जीभ सरावलेली होती. पण मग ती धाकटी बहीण जन्मभर खोटी ठरली असती.

"ताई, बहीण खोटं बोलत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी बोलले. दोघींशीही. आईंना बोलताच येत नव्हतं. त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही."

बाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. आता त्या तोंडाला येईल ते बोलणार, आणि बोलल्या तर आपण ऐकून घ्यायचं, असं सिस्टरांनी ठरवलं.

"मग काय करत होती ती? तुम्ही होतात ना जवळ?"

सिस्टर होत्या. इतर कितीजणांबद्दल त्यांना काही म्हणता काही आठवत नसे, आणि ते त्यांना फार लागे. या आजी मात्र आठवत होत्या.

"पांघरुणातून एक पाय सारखा बाहेर काढायच्या. मी झाकायचे, त्या परत काढायच्या. शेवटी मी नाद सोडला आणि तो पाय हातात धरून बसले."

बाईंना हसू आलं, आणि त्यातच रडू फुटलं. थंडी असो नाहीतर ऊन, आईचा एक पाय बाहेरच, त्या म्हणाल्या. अकरा वर्षं रोज उठून झाकत होते मी. धाकटीला हे माहीतसुद्धा नसेल.

सिस्टर शेजारी बसल्या. मग सिस्टरांनी हळूच बहिणीचा नंबर मागितला. तिचीही माफी मागायला हवी होती.

बाईंनी नको म्हणून मान हलवली. डोळे पुसून पर्समधून फोन काढला आणि स्वतःच नंबर लावला.

"मी बोलतेय. ठेवू नकोस गं. हॉस्पिटलात आलेय, सिस्टर इथेच आहेत. मी विचारलं त्यांना." त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. "तुझंच नाव घेतलं होतं आईने. माझीच गफलत झाली."

धाकटी रडायला लागली ते सिस्टरांनाही ऐकू आलं. बाई "हो गं, हो" म्हणत राहिल्या, आणि सिस्टरांनी मध्येच काही बोलू नये म्हणून मोकळ्या हाताने त्यांचं मनगट धरून बसल्या.