अ‍ॅव्हिसचं कौतुक

ग्लेनिसने पेस्टीच्या दोन्ही कडा चिमटीत धरून मुरड घालायला घेतली, पण जेमतेम सुरुवात होते तोच पारी फाटली आणि आतलं मांस-बटाट्याचं सारण ओट्यावर सांडलं. तिच्या हातची मुरड कधी बिघडत नसे. तिने सारण गोळा केलं, पारी मोडून नव्याने लाटली आणि लाटता लाटता भाषणातलं पहिलं वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं.

“अ‍ॅव्हिसच्या पुस्तकामुळे माझ्या झोपेच्या गोळ्या सुटल्या.”

काल हे वाक्य सुचलं तेव्हा बरं वाटलं होतं. आज तिला ते ऐकवेना. त्यात गंमत नव्हतीच, होता तो निव्वळ जळफळाट. पुस्तक कंटाळवाणं निघावं असा तिने मनोमन धावा केला होता आणि ते तसं निघालं नव्हतं. उलट त्या पुस्तकाने तिची झोप उडवली होती.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या या पोर्ट कॅरिक गावात कौतुक करतात ते मेलेल्यांचं, नाहीतर मतं मागायला आलेल्या मंत्र्याचं. आपल्या माणसाची मात्र चारचौघांत सालटी काढायची, आणि माणूस जितका जवळचा तितकी जास्त. ज्याला कोणी टोमणा मारत नाही, त्याने समजावं की आपलं काहीतरी बिनसलं आहे. ग्लेनिसची पहिली कादंबरी आली तेव्हा याच गावाच्या हॉलमध्ये तिची मैत्रीण अ‍ॅव्हिस उभी राहून म्हणाली होती, “आमच्या शेडचं दार वाऱ्याने आपटायचं. ग्लेनने त्यावर चारशे पानांचा उपाय केलाय.” हॉल हसून लोटपोट झाला होता आणि झाडून सगळ्यांनी पुस्तक विकत घेतलं होतं. त्या संध्याकाळइतकी ग्लेनिस पुन्हा कधी सुखावली नव्हती.

आज अ‍ॅव्हिसचा सत्कार होता आणि भाषणाची पाळी तिची होती.

शाळेत ती वर्षानुवर्षं साहित्य शिकवत आली. आपले जुने लेखक बोटीत बसून लंडनला गेले आणि तिथल्या थंडीत कुडकुडत इथल्या उन्हावर लिहीत बसले. जे मागे राहिले, त्यांनी भर उन्हात बसून धुक्यावर लिहिलं. हे ती वर्गात हसत हसत सांगायची आणि घरी येऊन स्वतः धुक्यावरच लिहायची. तिच्या चारही कादंबऱ्यांत इंग्लंडचा पाऊस होता. त्या लंडनला छापल्या गेल्या, लंडनलाच पडून राहिल्या आणि शेवटी रद्दीच्या भावाने निघाल्या. अ‍ॅव्हिस दर गुरुवारी ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात बसून आपलं लिखाण वाचून दाखवायची. त्यात ओहोटीला उघडा पडणारा बोटींचा लांबलचक धक्का असायचा, गव्हाच्या कोठारांचे उंच सायलो, माश्या, खारट विहिरी आणि भाजून काढणारा नाताळ असायचा. “अगं, या ओसाडीबद्दल कोण वाचणार?” असं ग्लेनिस तिला एकदा नव्हे, दहादा म्हणाली होती.

आता सिडनीवाल्यांनी वर्षातलं सर्वांत मोठं बक्षीस त्याच ओसाडीला दिलं होतं. वर्तमानपत्रात अ‍ॅव्हिसचा फोटो आला, धक्क्यावर उभी, केस उडालेले. ग्लेनिसने फोटोची घडी घातली, पुन्हा उलगडला, आणि त्यावर बटाट्याची सालं काढली.

दुपारी हॉलमध्ये पंखे गरम वाराच फिरवत होते. ग्लेनिस पेस्ट्यांचं ताट मांडत होती तेवढ्यात अ‍ॅव्हिस मागून आली आणि तिने न विचारता एका पेस्टीचं खरपूस टोक मोडून तोंडात टाकलं. ही तिची जुनी खोड. ग्लेनिसच्या ताटातली टोकं आपलीच, असा तिचा हिशेब होता.

“मीठ कमी पडलंय,” अ‍ॅव्हिस तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. “आणि हा फ्रॉक कसला? घरातले पडदे संपले का?”

तिच्या स्वतःच्या फ्रॉकवर मोठाली पिवळी फुलं होती. ‘आणि तू गालिचा गुंडाळून आलीस’ एवढं म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर आले, पण त्यांना चढलेली कडू चव ग्लेनिसला जाणवली. हे आपण बोललो तर हसू येणार नाही, रक्त येईल, अशी तिला भीती वाटली.

“तू छान दिसतेस,” ती म्हणाली.

अ‍ॅव्हिसचं चावणं थांबलं. तिने ग्लेनिसकडे नीट पाहिलं. “बरी आहेस ना?”

“उकडतंय फार.”

अ‍ॅव्हिसचा नवरा रॉस खुर्च्या लावत होता. त्याने लांबूनच आवाज दिला, “ग्लेन, आज हिला सोलून काढ बरं का. बक्षीस मिळाल्यापासून बाईसाहेब भांडी घासत नाहीत.”

“तू कधी घासलीस रे?” अ‍ॅव्हिस म्हणाली, आणि पुढच्या खुर्च्यांवरचे लोक आतापासूनच हसायला लागले. ते हसायलाच आले होते.

ग्लेनिस उभी राहिली. हातातल्या कागदावर सगळे टोमणे ओळीने लिहिलेले होते. तिने पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली, कागदाची घडी घातली आणि वर्गात बोलायची तशी बोलू लागली. आपल्या साहित्याने या किनाऱ्याकडे आजवर पाठ फिरवली होती, ती म्हणाली. परक्यांच्या नजरेने स्वतःकडे बघायची आपल्याला सवय लागली होती. अ‍ॅव्हिसने ती सवय मोडली. तिच्या पानांवर आपलं बोलणं आहे, आपली तहान आहे. अशी कादंबरी एका पिढीत एखादीच होते.

शब्द सुरेख होते आणि त्यातला एकही खोटा नव्हता. एकदाचं खरं बोलता आलं म्हणून तिला मधेच हलकंही वाटलं. मग तिने वर पाहिलं. कोणीही हसत नव्हतं. पुढच्या ओळीतला खाटीक जमिनीकडे बघत होता. रॉसच्या चेहऱ्यावर हसायची तयारी होती तशीच राहून गेली होती. अ‍ॅव्हिस हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून बसली होती. ती गावातल्या पाद्र्याच्या प्रवचनाला अशी बसायची.

टाळ्या वाजल्या. मंत्र्याला वाजवतात तशा वाजल्या.

पुस्तकं खपली. लोक लवकर पांगले. हॉलमागच्या मोरीत दोघी कपबशा विसळायला उभ्या राहिल्या, कारण इथे सत्कार कुणाचाही असो, कपबशा बायकांनाच विसळाव्या लागतात. ग्लेनिस धूत होती, अ‍ॅव्हिस पुसत होती. शेजारी ताटात एकच पेस्टी उरली होती, दोन्ही टोकं शाबूत असलेली.

अ‍ॅव्हिसने हात पुसले. ताटाकडे पाहिलं.

“मी घेऊ का यातली थोडी?” तिने विचारलं.

ग्लेनिसचा हात साबणाच्या पाण्यात थांबला. इतक्या वर्षांत अ‍ॅव्हिसने कधी विचारलं नव्हतं.

“विचारतेस काय,” ती म्हणाली. “घे ना.”

अ‍ॅव्हिसने सुरी शोधली. पेस्टीच्या मधोमध एक पातळ काप काढला आणि बशीत घेतला. टोकं तशीच राहिली.

“अ‍ॅव्हिस,” ग्लेनिस पाण्याकडे बघत म्हणाली, “मला बघवत नाहीये गं. ते पुस्तक माझं असायला हवं होतं. हा धक्का मीही रोज बघत होते. मी तुला लिहू नकोस म्हणाले आणि तू लिहिलंस, याचा मला राग येतो. तुझा फोटो आला, त्यावर मी बटाटे सोलले.”

नळ ठिबकत होता. अ‍ॅव्हिसच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसू असावं, पण ते पुढे आलं नाही.

“हे तिथं बोलायचं होतंस,” ती म्हणाली. “बटाट्यांचं. पोट धरून हसले असते सगळे. मीसुद्धा.”

“मला वाटलं, तुला लागेल.”

“लागलं असतं की. त्यासाठीच तर तुला उभं केलं होतं.”

तिने बशीतला काप संपवला, बशी स्वतः धुतली, पुसून कपाटात ठेवली. फडकं झटकून दांडीवर नीट पसरलं. बाहेर रॉसने गाडी सुरू केली होती.

“गुरुवारी येशील ना?” ग्लेनिसने विचारलं.

अ‍ॅव्हिस दारात वळली. पाहुण्यांना निरोप देतात तसं तिने ग्लेनिसच्या दंडाला हलकेच हात लावला.

“भाषण फार छान झालं, ग्लेनिस,” ती म्हणाली. “खरंच, मनापासून आभार.”