उलट्या बाणाचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. शहराच्या मध्यभागी उंच खांबांवरून दोन डब्यांची, बिनचालकाची गाडी गोल फिरते ना, तिच्या बाजारपेठ स्टेशनावर मी काचेआड उभा असतो.

मला रंगवणारी बाई भारी चोखंदळ होती. बारा स्टेशनांचे बारा ठिपके, आणि गाडी कुठल्या बाजूने फिरते ते सांगणारा एक जाडजूड बाण. “याला विचारलं की चुकायचं नाव नाही,” असं लोक म्हणायचे. मी आपला फुशारून जायचो.

मग दुरुस्तीसाठी मार्ग आठवडाभर बंद राहिला, आणि त्यानंतर गाड्या उलट्या बाजूने फिरू लागल्या. बाकीच्या अकरा स्टेशनांवर नवे नकाशे लागले. माझ्या काचेच्या कुलपाची किल्लीच सापडेना. “उद्या बघू,” म्हणून कर्मचारी गेला, तो गेलाच. समोरून गाडी उलटी जाताना मी रोज पाहत होतो, पण सांगणार कोणत्या तोंडाने?

एका सकाळी एक म्हातारे शिंपीकाका आले. गळ्यातली टेपही काढायची राहिली होती. त्यांच्या ताईंना अकरा वाजता ऑपरेशनला नेणार होते, आणि काकांनी त्याआधी भेटायचं कबूल केलं होतं. माझ्यावर बोट ठेवून त्यांनी दवाखान्याच्या स्टेशनापर्यंत मोजलं. “दोनच स्टेशनं! मग घाई कशाला?” एक गाडी सोडून ते दम खायला बाकावर टेकले. पुढच्या गाडीने त्यांना दहा स्टेशनं फिरवून नेलं. अहो, दोन स्टेशनांचं अंतर तर पायीही कापता आलं असतं!

आठवड्याने ते ताईंना घेऊन आले. ताई बऱ्या झाल्या होत्या.

“हाच का रे बाळ्या, तुझा गुरू?” ताई हसत म्हणाल्या. “याच्यापायी मी मान दुखेपर्यंत दाराकडे बघत होते. शेवटी नर्सचा हात धरून आत गेले.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“त्याला कशाला बोल लावतेस, ताई? त्याला कुणी बदललंच नाही.” काकांनी खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला. काचेवर, माझ्या बाणावर फुली मारली आणि शेजारी नवा बाण काढला. तो जरा वाकडाच आला.

किल्ली अजून सापडलेली नाही. सफाईच्या मावशी तेवढी जागा सोडून काच पुसतात. मित्रांनो, एखादी पाटी चुकीचं सांगताना दिसली, तर “उद्या बघू” म्हणू नका. आमची चूक आम्हाला दिसत असते हो, फक्त ती सुधारायला आम्हाला हात नसतात.