भरावाखालचं घर

पांढुर्ण्याबाहेर हायवेजवळ नवी कॉलनी उभी राहायला लागली, तेव्हा शकुंतलाला कोण आनंद झाला होता. कॉलनीचा रस्ता तिच्याच दारावरून हायवेला मिळणार होता. ती स्वतः त्या कामावर मुरूम वाहायला लागली. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलून छाती अधू झालेला तिचा नवरा मधुकर दारात बसून बघत राहायचा.

पण हायवे उंच. त्याला मिळवायचं तर रस्ताही उंच करणं आलं. टिपरमागून टिपर रिकामे झाले. मुरूम आधी उंबऱ्याएवढा झाला, मग खिडकीएवढा, शेवटी छपराच्या वळचणीला भिडला. आपणच टोपल्याटोपल्यानं आपलं घर बुजवून राहिलो, हे तिच्या ध्यानात आलं तोवर वर डांबर पडलं होतं.

ती सुपरवायझर श्रीधरकडे गेली. "साहेब, आमाले चढा-उतरायले जागा ठेवा नं."

"मावशी, उताराले जागा लागते. मालकाले कॉलनीचाच रस्ता पाहिजे. मी सांगून पाहतो."

त्यानं सांगितलंही असेल. कडेला मात्र लोखंडी कठडा बसला. मागं संत्र्याच्या बगीच्याचं तारेचं कुंपण. बाहेर पडायला उरला तो नाला.

एका दुपारी मधुकरला घाम फुटला, श्वास घेता येईना. शकुंतलानं फोन केला. ॲम्ब्युलन्स लगेच आली आणि थेट घराच्या डोक्यावर उभी राहिली. अंगणातून तिला नुसती चाकं दिसत होती.

दोघं जण कठडा ओलांडून घसरत खाली आले. स्ट्रेचर वर चढवताना पायाखालचा मुरूम सुटायचा, चार पावलं चढले की दोन मागं. शकुंतला खालून खांदा लावून ढकलत होती.

"सुमेधचे बाबा, आलोच हो आपण. आलोच."

कठड्यापाशी पोचेपर्यंत मधुकरची मान कलंडली होती.

नागपूरहून मुलगा सुमेध आला, माती झाली, पाहुणे पांगले. मग शकुंतला फावडं घेऊन भरावात पायऱ्या खणायला लागली. श्रीधर धावत आला.

"मावशी, रस्ता खचन! माझी नोकरी जाईन!"

"खचू द्या."

तिला अडवायची श्रीधरची छाती झाली नाही. चारच दिवसांत मात्र मशिनी आल्या आणि भरावाचा सगळा उतार दगड-सिमेंटनं बांधून टाकला. पायऱ्या गेल्या.

शकुंतला सौंसरला बहिणीकडे राहायला गेली. पुढं भांडी न्यायला आली तेव्हा अंगणभर कचऱ्याच्या पिशव्या पडल्या होत्या. एक तर तिच्यासमोरच आदळली. वर कठड्याशी कॉलनीतली एक पोरसवदा सून उभी होती. ती दचकली.

"अगं बाई! इथं कोणी राहते का?"

"राहत होतो," शकुंतला म्हणाली, आणि भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन नाल्यात उतरली.