मुगाचा दाणा

सोमवारी सकाळच्या गाडीनं दीपमाला पोलीस ट्रेनिंगला जाणार होती, आणि रविवारी दुपारपर्यंत ती एकाच जागी नऊ वेळा चुकली होती.

दीपमाला माझी सून. माझा मुलगा नागसेन पोलिसात शिपाई होता. ड्यूटीवर असताना गेला, म्हणून अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी हिला घेतलं. मी निमलष्करी दलात सव्वीस वर्षं कोतात, म्हणजे हत्यारांच्या खोलीत काढली. ट्रेनिंगमध्ये पिस्तूल शिकवतातच, पण तिथं ती शंभरात एक. पहिला धडा मीच देणार, असं मी ठरवलं. मला राहवत नव्हतं.

नागपूरहून छर्र्याचं पिस्तूल आणलं. त्याची नळी वाकवून उघडली की आत काय आहे ते दिसतं. आमच्या सिंदी गावात कापसाला काय तोटा. एक पोतं भरून अंगणाच्या भिंतीला टेकवलं. तोंड पोत्याकडे, बोट चापाबाहेर, हे ती पहिल्या तासात शिकली. हात स्थिर, नागसेनपेक्षाही. घोडं अडलं ते दुसरीकडेच.

मी पिस्तूल तिच्या हाती देऊन म्हणायचो, "रिकामं हाय." तिनं नळी उघडून बघायचं, एवढंच काम. पहिल्यांदा तिनं उघडलीच नाही. नेम धरून चाप ओढला आणि मी गुपचूप घातलेला मुगाचा दाणा फट्टकन कापसात शिरला. मी ओरडलो. मग उघडायला लागली, पण नळीत बघायचीच नाही. नजर माझ्या तोंडाकडे, आणि घाईनं नळी बंद. पुन्हा दाणा पोत्यात.

"काऊन नाई पाह्यलं?"

"तुम्ही म्हनलं ना, रिकामं हाय."

"मी म्हनलं तरी पाहाचं."

"तुमच्यासमोर, मामाजी? बरं नाई दिसत. तुमाले खोटं पाडल्यावानी होते."

"उद्या साहेब देईन आन् म्हनन रिकामं हाय, तं?"

"साहेब खोटं काऊन बोलन?"

खोटं नाहीच बोलणार. विसरेल. माणूस विसरतो, हे मी कोतात सव्वीस वर्षं पाहिलं. पण ही गुणाची सून, सासऱ्याचा शब्द खाली पडू देत नव्हती. उन्हं भिंतीवर चढली. हातात एक संध्याकाळ उरली होती. तेव्हा मी पोत्याशेजारी खाली बसलो आणि जे कुणालाच सांगायचं नव्हतं ते सांगितलं.

कागदावर नागसेनचा मृत्यू 'हत्यार हाताळताना अपघात' असा लिहिला आहे. तिलाही तेवढंच माहीत होतं. निवडणुकीआधी लोकांची परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात. एका म्हाताऱ्या हवालदारानं त्यातलं एक रिव्हॉल्व्हर नागसेनच्या हाती दिलं, रिकामं आहे म्हणून. त्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधताना गोळी सुटली. हवालदार स्वतः येऊन माझ्याजवळ रडून गेला.

"त्यायनं उघडून काऊन नाई पाह्यलं?" दीपमालानं विचारलं. "त्यायले तं शिकवलं होतं."

"शिकवलं होतं. भरती होऊन पहिल्यांदा सुटीवर आला, तवा म्या माह्यं परवान्याचं रिव्हॉल्व्हर त्याच्या हाती देल्लं. रिकामं हाय म्हनलं. त्यानं उघडून पाह्यलं. बरोबर केलं पोरानं. पन चार लोक बसले होते. म्या त्याच्या कानाखाली मारली. बापावर भरोसा नाई काय, म्हनलं." मी पोत्यातून निघालेला कापूस आत दाबला. "त्याच्यानंतर मोठ्या मानसानं देल्लेलं त्यानं कधी उघडून पाह्यलं नाई."

 ती पोत्याकडे बघत म्हणाली, "दीड वर्ष झालं. तुम्ही रोज माह्या हातची भाकर खाल्ली."

मी पिस्तूल पुढे केलं. "शिव्या दे मले. पन हे शीक. रिकामं हाय."

तिनं घेतलं. तोंड पोत्याकडे, बोट चापाबाहेर. नळी उघडली, मागून उजेडात पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. या खेपेला मी खरंच दाणा घातला नव्हता.

"तुमच्या शब्दावर मले आता भरोसा नाई," ती म्हणाली. मामाजी म्हणाली नाही. सकाळपासून मी हेच मागत होतो.

सोमवारी स्टेशनवर गाडी लागली. मी म्हणालो, "डबा थैलीत ठेवला. पान्याची बाटलीबी हाय."

तिनं फलाटावरच थैली खाली ठेवली. चेन उघडली, डबा पाहिला, बाटली हलवून पाहिली, मग चेन लावून गाडीत चढली. ही जगेल, असं मला पहिल्यांदाच वाटलं. गाडी सुटेपर्यंत तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं नाही.